क्वार्टरबॅक की टॅकल : तक्त्यातले यश नेमके कोणाचे?

प्रश्न : आम्ही मूळचे सांगलीचे असून गेली अनेक वर्षे डॅलसच्या उत्तरेकडील एका उपनगरात राहतो. थोरला मुलगा दहावीत आहे आणि शाळेच्या अमेरिकन फुटबॉलच्या ज्युनिअर व्हर्सिटी (म्हणजे दुय्यम) संघातून क्वार्टरबॅक खेळतो, म्हणजे चाल सुरू करून चेंडू फेकणारा खेळाडू. उंची 6 फूट 4 इंच, वजन 225 पौंड, आणि अंगाने अजून वाढतोच आहे. शाळेचा पहिला क्वार्टरबॅक त्याच्याच इयत्तेतला आहे, त्यामुळे पुढची दोन वर्षेही तीच अडचण राहणार. मुख्य प्रशिक्षकांनी आम्हांला सांगितले की वसंतातील सरावात याला ऑफेन्सिव्ह टॅकलच्या जागी, म्हणजे क्वार्टरबॅकचे रक्षण करणाऱ्या पुढच्या फळीच्या टोकाला, उभे करून पाहू. तेव्हापासून मुलगा हिरमुसला आहे. माझे काम आकडेवारीचे असल्याने मी गेल्या दहा वर्षांतील चार आणि पाच तारे (शालेय खेळाडूंना गुणवत्तेनुसार दिले जाणारे मानांकन) मिळालेल्या मुलांचा जागावार तक्ता केला व त्यांतील किती जण पुढे एनएफएल या व्यावसायिक लीगच्या ड्राफ्टमध्ये (संघ आळीपाळीने नवे खेळाडू निवडतात त्यात) निवडले गेले ते मोजले. तक्ता सोबत जोडला आहे. कोणत्या जागेवर यशाची शक्यता सर्वाधिक समजावी? पत्नीचे मत असे की पोराला तीनशे पौंडांचा करण्यापेक्षा हा खेळ सोडलेला बरा.
— एक पालक, टेक्सास

उत्तर : स. न. वि. वि.

तुमचा तक्ता मी बारकाईने पाहिला. मोजणी चोख आहे. घोडे पेंड खाते ते ‘यशस्वी’ या रकान्यापाशी. महाविद्यालयीन फुटबॉलच्या भरतीत यश मोजणारे तीन वेगवेगळे पक्ष असतात. तारे देणाऱ्या संस्थांना आपला अंदाज ड्राफ्टशी जुळला की समाधान मिळते. 247स्पोर्ट्ससारखी संस्था दरवर्षी साधारण 32 मुलांनाच पाच तारे देते, ते ड्राफ्टच्या पहिल्या फेरीत 32 निवडी असतात म्हणूनच. महाविद्यालयाला त्या मुलाने आपल्या मैदानावर आपल्यासाठी किती सामने जिंकून दिले याच्याशी कर्तव्य असते. मुलाला आणि त्याच्या घरच्यांना मात्र तो खेळला का, शिक्षणाचा खर्च किती सुटला आणि पदवी हाती आली का, हे पाहायचे असते. तुमचा तक्ता यांपैकी पहिल्या पक्षाच्या नजरेने केलेला आहे आणि तुम्ही त्यातून तिसऱ्या पक्षाचे उत्तर शोधत आहात.

2024 च्या ड्राफ्टचे उदाहरण घ्या. त्या वर्षी पहिल्या 12 निवडींत सहा क्वार्टरबॅक गेले : केलेब विल्यम्स, जेडन डॅनियल्स, ड्रेक मे, मायकेल पेनिक्स, जे. जे. मॅकार्थी आणि बो निक्स. तुमच्या पद्धतीने मोजले तर ही जागा म्हणजे सोन्याची खाण वाटावी. परंतु या सहांपैकी ज्या महाविद्यालयाने शाळेतून उचलले त्याच महाविद्यालयातून ड्राफ्टपर्यंत पोहोचलेले दोघेच, मे आणि मॅकार्थी. विल्यम्स ओक्लाहोमा सोडून दक्षिण कॅलिफोर्नियाला गेला, डॅनियल्स ॲरिझोना स्टेटहून लुइझियाना स्टेटला, पेनिक्स इंडियानाहून वॉशिंग्टनला आणि निक्स तीन हंगाम ऑबर्नमध्ये काढून ओरेगनला. तक्त्यात निक्स हा ‘यशस्वी’ आहे, पण ऑबर्नच्या प्रशिक्षकांना विचारले तर ते त्याच भरतीचे वर्णन निराळ्या शब्दांत करतील. याच ड्राफ्टच्या पहिल्या फेरीत एकही रनिंग बॅक, म्हणजे चेंडू घेऊन धावणारा खेळाडू, निवडला गेला नाही. 2013, 2014 आणि 2022 मध्येही तसेच झाले होते. यावरून रनिंग बॅकच्या भरतीत महाविद्यालयांचे अंदाज चुकतात असा निष्कर्ष काढला तर तो साफ उलटा ठरेल. शाळेत जे काम केले जवळपास तेच काम महाविद्यालयात करायचे असल्यामुळे या जागेवरचा चांगला मुलगा पहिल्याच वर्षी चमकू शकतो. एड्रियन पीटरसनने 2004 मध्ये ओक्लाहोमात पाऊल ठेवले आणि पहिल्याच हंगामात 1,925 यार्ड धावून हाइझमन या सर्वोत्तम महाविद्यालयीन खेळाडूच्या पुरस्काराच्या मतदानात तो दुसरा आला. एनएफएलचे संघ या जागेला फारशी किंमत देईनासे झाले, ही बाजारभावाची गोष्ट आहे. भरती फसण्याशी तिचा संबंध नाही.

आता तुमच्या मुलाच्या सध्याच्या जागेकडे वळू. क्वार्टरबॅक मैदानावर एकच असतो आणि धडधाकट असेपर्यंत तो सहसा बदलला जात नाही. महाविद्यालये दरवर्षी या जागेसाठी बहुधा एक, फार तर दोन मुले घेतात. तरीही चार वर्षांत चार-पाच गुणी मुले एकाच खुर्चीकडे डोळे लावून बसलेली असतात. क्रिकेटमध्ये यष्टिरक्षकाचे जे होते तेच येथे होते : दिनेश कार्तिक धोनीच्या आधी कसोटी खेळला, तरी पुढची कितीतरी वर्षे त्याला बाहेरून पाहावे लागले. फरक इतकाच की कार्तिकला दुसरा देश शोधता येत नव्हता आणि क्वार्टरबॅकला दुसरे महाविद्यालय शोधता येते. जानेवारी 2018 मध्ये महाविद्यालयीन अजिंक्यपदाच्या अंतिम सामन्यात अलाबामाने मध्यंतरानंतर जेलन हर्ट्सला बसवून टुआ टॅगोवायलोआला उतरवले आणि सामना जिंकला. हर्ट्स आणखी एक हंगाम थांबला, मग ओक्लाहोमाला गेला, तेथे हाइझमनच्या मतदानात दुसरा आला आणि 2020 मध्ये दुसऱ्या फेरीत निवडला गेला. ऑक्टोबर 2018 मध्ये ट्रान्सफर पोर्टल, म्हणजे महाविद्यालय बदलू इच्छिणाऱ्या खेळाडूंची नोंदयादी, सुरू झाले, 2021 पासून पहिल्या बदलीनंतर वर्षभर बाहेर बसण्याची अट गेली आणि 2024 पासून अभ्यासात पात्र असलेल्या मुलाला कितीही वेळा बदली घेता येऊ लागली. त्यामुळे पहिल्या ठिकाणी डाळ न शिजलेला क्वार्टरबॅक पूर्वीसारखा वाया जात नाही.

मात्र ही सोय शाळेतून बाहेर पडणाऱ्या मुलाच्या मुळावर आली आहे. दोन-तीन हंगाम खेळून तयार झालेला क्वार्टरबॅक पोर्टलमधून मिळत असेल, तर सतरा वर्षांच्या मुलावर तीन वर्षे खर्च कशाला, असा हिशेब प्रशिक्षक करतात. कॅम वॉर्डला शाळेत असताना एकही तारा नव्हता. इन्कार्नेट वर्ड हे टेक्सासमधील छोटे विद्यापीठ, मग वॉशिंग्टन स्टेट, मग मायामी असा प्रवास करत तो 2025 च्या ड्राफ्टमध्ये पहिला निवडला गेला. ही कथा उमेद देणारी आहे यात शंका नाही. तथापि मायामीत त्या हंगामात ज्यांना संधी मिळाली नाही त्या मुलांच्या बाजूनेही ती एकदा वाचावी. आणि जो मुलगा आपल्या शाळेतच दुसरा आहे, त्याला या रांगेत उभे राहायलाही आधी चित्रफीत लागते. व्हर्सिटीत, म्हणजे शाळेच्या मुख्य संघात, न खेळलेल्या क्वार्टरबॅकची चित्रफीत कोठून येणार?

ऑफेन्सिव्ह लाइनची, म्हणजे टॅकल ज्या पाच जणांच्या फळीत असतो तिची, गोष्ट मी जरा विस्ताराने सांगतो, कारण तुमच्या तक्त्यातील सर्वांत उपयुक्त माहिती तेथे आहे आणि ती तुम्ही उलटी वाचली आहे. शाळेच्या सामन्यात 280 पौंडांचा टॅकल समोरच्या 190 पौंडांच्या मुलाला उताणा पाडतो, प्रेक्षक टाळ्या वाजवतात, आणि त्या चित्रफितीतून महाविद्यालयाच्या प्रशिक्षकाला जवळजवळ काहीच कळत नाही. त्याला पाहायची असते ती निराळीच गोष्ट. चेंडू सुटताक्षणी मुलगा गुडघ्यांत वाकलेला राहतो की कमरेत वाकतो. मागचे पाऊल तिरके मागे सरकवताना पुढचे पाऊल जमिनीलगत घसटत येते की उचलले जाते. बाहेरच्या बाजूने धावून येणाऱ्याच्या छातीवर हात नेमके केव्हा पडतात. आणि त्या धावून येणाऱ्याने एकदम आत वळण घेतले तर याचा तोल राहतो का. यांतले बरेचसे शाळेच्या सामन्यात दिसतच नाही, म्हणून लाइनचे प्रशिक्षक मुलाला बास्केटबॉल खेळताना, कुस्ती करताना किंवा गोळा फेकताना पाहायला येतात. शिवाय शरीर. सतराव्या वर्षी 240 पौंडांचा असलेला मुलगा एकविसाव्या वर्षी 305 चा होऊन तितकाच चपळ राहील की नुसताच जड होईल, हे तारे देणाऱ्याला कळण्याचा मार्ग नसतो.

परिणामी या जागेवरचे अंदाज वारंवार चुकतात. आता तुम्हीच आकडेवारीचे माणूस म्हणून विचार करा. ड्राफ्टमध्ये दरवर्षी लाइनमन तर निवडले जाणारच. तारे असलेल्यांपैकी बरेच जण गळत असतील, तर त्यांच्या जागा कोणीतरी भरतेच आणि तो बहुधा तारे नसलेला मुलगा असतो. म्हणजे तारांकित मुलांचे यश ज्या जागेवर कमी, त्या जागेवर तुमच्या मुलासारख्या अनोळखी मुलाला वाव जास्त. तुम्ही तक्त्यातला हा आकडा धोक्याचा इशारा म्हणून वाचलात. माझ्या मते तो आमंत्रण म्हणून वाचावा.

2013 च्या ड्राफ्टमध्ये पहिल्या चार निवडींपैकी तीन ऑफेन्सिव्ह टॅकल होते. ल्यूक जोकेल टेक्सासच्याच आर्लिंग्टनचा, शाळेपासून नावाजलेला. पहिला निवडला गेलेला एरिक फिशर मात्र सेंट्रल मिशिगनचा होता, आणि शाळा सोडताना मोठ्या महाविद्यालयांनी त्याच्याकडे वळूनही पाहिले नव्हते. तिसरा लेन जॉन्सन. त्याचे नाव तुमच्या मुलाला अवश्य सांगा. हा पूर्व टेक्सासमधल्या ग्रोव्हटन या लहानशा गावच्या शाळेचा क्वार्टरबॅक. किलगोरच्या ज्युनिअर कॉलेजातही तो क्वार्टरबॅक म्हणूनच गेला. ओक्लाहोमात त्याला आधी टाइट एंड (अडवणारा आणि चेंडू झेलणाराही) केले, मग डिफेन्सिव्ह एंड (बचावफळीच्या टोकाचा), आणि सर्वांत शेवटी टॅकल. जेसन केल्सी सिनसिनाटीत शिष्यवृत्तीशिवाय लाइनबॅकर (बचावफळीच्या मागचा खेळाडू) म्हणून दाखल झाला होता. सेंटर, म्हणजे ऑफेन्सिव्ह लाइनचा मधला खेळाडू, म्हणून तो पुढे फिलाडेल्फियाकडून तेरा हंगाम खेळला. त्याचा भाऊ ट्रॅव्हिस शाळेत क्वार्टरबॅक होता, आणि टाइट एंड म्हणून तो केवढा मोठा झाला हे फुटबॉल न पाहणाऱ्यांनाही आता ठाऊक आहे. तुमच्या मुलाला हेच मिळेल असे यातून मी सुचवत नाही. क्वार्टरबॅकची नजर आणि पाय ज्याच्याकडे आहेत असा उंच मुलगा जागा बदलतो, तेव्हा प्रशिक्षक त्याला खालच्या पायरीवर ढकलत नसतात, एवढेच त्याच्या लक्षात यावे.

बाकीच्या जागांविषयी थोडक्यात. डिफेन्सिव्ह एंड आणि कॉर्नरबॅक (प्रतिस्पर्ध्याच्या चेंडू झेलणाऱ्यांना रोखणारा) यांचे अंदाज त्या मानाने बरे उतरतात, कारण वेग, उडी व हातांची लांबी मोजता येते आणि धावण्याच्या शर्यतींच्या वेळा नोंदलेल्या असतात. जेडेव्हियन क्लाउनी आणि माइल्स गॅरेट शाळेत असतानाच पाच ताऱ्यांचे होते आणि दोघेही ड्राफ्टमध्ये पहिले निवडले गेले. तरी उंचीला कमी म्हणून तीनच तारे मिळालेला ॲरन डोनाल्डही याच बचावफळीत निपजला. जे. जे. वॉट तर सेंट्रल मिशिगनचा टाइट एंड. विस्कॉन्सिनला तो शिष्यवृत्तीशिवाय गेला आणि डिफेन्सिव्ह एंड होऊन 2011 मध्ये अकरावा निवडला गेला. किकर आणि लाँग स्नॅपर यांचा बाजारच वेगळा आहे, तुम्हांला त्यात शिरण्याचे कारण नाही.

तक्त्यात आणखी दोन दोष आहेत, ते तुम्हांला एरवी दिसले असते, पण मुलाच्या काळजीपोटी नजरेतून सुटले असावेत. पाच ताऱ्यांचे क्वार्टरबॅक वर्षाला दोन-चारच असतात. दहा वर्षांचे मिळून तीसेक धरले, तर एका मुलाच्या इकडचे तिकडे होण्याने टक्केवारी तीन अंकांनी हलते. अशा आकड्यांची दशांशापर्यंत तुलना करण्यात अर्थ नाही. दुसरा दोष अधिक मोठा : अलीकडच्या तीन-चार वर्षांत दाखल झालेली मुले अजून महाविद्यालयातच आहेत आणि तुम्ही त्यांना ‘निवडले गेले नाहीत’ या गटात टाकले आहे. लाइनमनला याचा फटका सर्वाधिक बसतो. पहिले वर्ष रेडशर्ट म्हणून, म्हणजे न खेळता पात्रतेचे वर्ष शिल्लक ठेवून, राखून ठेवण्याची पद्धत या जागेवर सर्रास आहे (2018 पासून चार सामन्यांपर्यंत खेळूनही ते वर्ष राखता येते), दुसरे वर्ष शरीर कमावण्यात जाते आणि खरी कामगिरी तिसऱ्या-चौथ्या वर्षी दिसते. शेवटची पाच वर्षे काढून टाकून तक्ता पुन्हा करा, जागांमधले अंतर बरेच बदलेल.

आणि मुळात तुमचा मुलगा या तक्त्यात नाही. अमेरिकेत शाळेच्या पातळीवर सुमारे दहा लाख मुले फुटबॉल खेळतात, त्यांतील साधारण 7 टक्के एनसीएए या महाविद्यालयीन क्रीडासंघटनेच्या कोणत्या तरी विभागात पोहोचतात आणि पहिल्या विभागात 3 टक्क्यांहून कमी. त्याच्यापुढचा प्रश्न पहिल्या फेरीचा नसून महाविद्यालयात खेळायला मिळेल का, एवढाच आहे. आणि तेथे जागांची संख्या निर्णायक ठरते. लाइनमध्ये एका वेळी पाच जण खेळतात, त्यामुळे महाविद्यालये दरवर्षी चार-पाच मुले तरी घेतात. वरच्या गटातील संघांना पूर्वी 85 शिष्यवृत्त्यांची मर्यादा होती. जून 2025 मध्ये खेळाडूंच्या दाव्यात न्यायालयाने मंजूर केलेल्या तडजोडीनंतर ती जाऊन, तडजोड स्वीकारलेल्या महाविद्यालयांसाठी एकूण 105 खेळाडूंची मर्यादा आली. शिष्यवृत्तीशिवाय संघात शिरून जागा मिळवण्याचा केल्सी-वॉटचा रस्ता त्यामुळे अरुंद झाला आहे. त्याखालच्या गटांत शिष्यवृत्त्या अनेकदा वाटून, अर्धवट दिल्या जातात. तिसऱ्या विभागात खेळासाठी शिष्यवृत्ती नसते. पण एमआयटी, जॉन्स हॉपकिन्स, कार्नेगी मेलन, शिकागो विद्यापीठ यांचे फुटबॉल संघ त्याच विभागात खेळतात, हे आपल्या मंडळींना सांगितले की चेहरे बदलतात. आयव्ही लीगमध्येही खेळासाठी पैसे मिळत नाहीत, घरच्या उत्पन्नावर आधारित मदत मिळते. अभ्यासात बरा असलेला, उंच आणि पाय चपळ असलेला टॅकल या सर्वांना हवा असतो.

तेव्हा माझा सल्ला असा की वसंतातील सरावात त्याला टॅकलच्या जागी मनापासून खेळू द्यावे, आणि टाइट एंडचा विचार होऊ शकतो का, हेही प्रशिक्षकांना विचारावे. त्याच्या बांध्याच्या मुलाला ती जागा मधला टप्पा म्हणून चालण्यासारखी आहे, आणि पुढे वजन वाढले तर लाइनमध्ये सरकता येते. हे विचारायला तुम्ही जाऊ नका, त्याला पाठवा. मुलगा स्वतः येऊन विचारतो याची प्रशिक्षक नोंद घेतात, आणि नकार ऐकायचा झाला तरी तो त्यांच्याकडूनच ऐकलेला चांगला. क्वार्टरबॅकच्या खासगी शिकवणीवर पैसे जात असतील तर ते थांबवा. उन्हाळ्यातल्या सात-विरुद्ध-सात स्पर्धांमध्ये लाइनमन नसतातच, त्यामुळे तो खर्चही आपोआप वाचेल; त्याऐवजी जूनमध्ये महाविद्यालये स्वतः भरवतात त्यांपैकी दोन-तीन शिबिरांत त्याला लाइनमन म्हणून न्या. हिवाळ्यात बास्केटबॉल किंवा कुस्ती, वसंतात गोळाफेक, यांपैकी एक तरी धरावे. अकरावीच्या वर्षाच्या 1 सप्टेंबरपासून महाविद्यालयांचे प्रशिक्षक त्याला थेट लिहू शकतात, त्याआधी टॅकल म्हणून केलेल्या सरावाची पाच-दहा मिनिटांची स्वच्छ चित्रफीत तयार असावी, मग त्यात तो चुकलेला दिसला तरी हरकत नाही. पहिल्या विभागासाठी 16 मुख्य विषय आणि त्यांत 4 पैकी किमान 2.3 सरासरी लागते, आणि त्यांपैकी 10 विषय बारावी सुरू होण्यापूर्वी पूर्ण व्हावे लागतात; शाळेच्या समुपदेशकांकडून ही यादी आत्ताच तपासून घ्या.

तुमच्या पत्नींचे म्हणणे मात्र एका वाक्यात बाजूला सारण्याजोगे नाही. तीनशे पौंडांची घाई करण्याचे कारण मुळीच नाही : महाविद्यालये आजकाल 250-260 पौंडांचा, हाडापेराने मोठा मुलगा आनंदाने घेतात आणि आहारतज्ज्ञांच्या देखरेखीखाली वर्ष-दोन वर्षांत त्याचे वजन वाढवतात. घरी प्रथिनांची भुकटी आणि रात्रीचे चौथे जेवण लादून ते काम उरकू नये. बालरोगतज्ज्ञांना वाढीचा तक्ता दाखवून वर्षाला किती वजन योग्य, हे ठरवावे, आणि रक्तदाब व झोपेतील घोरणे यांवर लक्ष ठेवावे. क्लीव्हलँडकडून अकरा हंगाम खेळलेल्या जो थॉमसने निवृत्तीनंतर ते वजन उतरवून दाखवले, पण ते सर्वांना साधत नाही. डोक्याला बसणाऱ्या धक्क्यांबाबत त्यांची शंका अधिक रास्त आहे. लाइनमनला मोठे आघात कमी बसत असले तरी लहान धक्के जवळजवळ प्रत्येक खेळीत बसतात, आणि अशा धक्क्यांची बेरीज महत्त्वाची असते असे संशोधक मानतात. क्वार्टरबॅकला सरावात हात लावायचा नसतो, टॅकलला ती सवलत नाही, म्हणजे जागा बदलताना ही जोखीम वाढते. टेक्सासच्या शालेय नियमांनुसार हंगामात आठवड्याला 90 मिनिटांपेक्षा अधिक पूर्ण टक्करीचा सराव घेता येत नाही. तुमच्या शाळेत प्रत्यक्षात किती घेतला जातो आणि एखाद्या मुलाला घेरी आली तर त्याला बाहेर काढण्याचा अंतिम अधिकार प्रशिक्षकाचा की ॲथलेटिक ट्रेनरचा (दुखापती पाहणाऱ्याचा), हे वसंतातील सराव सुरू होण्याआधी विचारायला हवे. त्या भेटीला तुमच्या पत्नींनी यावे आणि हे दोन्ही प्रश्न त्यांनीच विचारावेत. उत्तरे गुळमुळीत आली, तर त्यांचे मत मानण्यास माझी हरकत नाही.